जांभळ्या पेन्सिलीच्या ओळी

बाबूजींचं अक्षर फक्त मला लागायचं. त्यांच्या बायकोला लागत नसे, आणि कधी कधी तर त्यांचं त्यांनाही लागत नसे. दोन दिवसांपूर्वी लिहिलेला कागद माझ्यासमोर धरून विचारायचे, "पेंटर, बघ रे जरा, काय लिहिलंय मी इथे?" मी वाचून दाखवायचो. ते मान हलवायचे, "वा, बरं लिहिलंय," म्हणायचे आणि कागद पुन्हा खिशात.

मी सातवीतून शाळा सोडलेला. आमचं गाव नागभीडकडचं. तिथून छोट्या गाडीने गोंदिया, गोंदियाहून मोठ्या लाइनीने दुर्ग. आईने बांधून दिलेल्या भाकरी पोचेपर्यंत विटल्या होत्या, तरी मी त्या खाल्ल्या, कारण टाकवल्या नाहीत. भिलाईला कारखाना उभा होऊन राहिला आहे, हात असलेल्या प्रत्येकाला काम आहे, असं गावात ऐकलं होतं. माझे हात बारीक, घमेलं उचलायच्या कामाचे नव्हेत. पण शाळेत असताना फळ्यावरचा सुविचार गुरुजी माझ्याकडून लिहून घेत. तेवढ्या एका भांडवलावर मला स्टोअरच्या यार्डात लावून घेतलं. ज्या साहेबांनी घेतलं त्यांना मी आजही मनात नमस्कार करतो.

काम असं होतं. रशियातून यंत्रांची लाकडी खोकी यायची. एकेक खोकं आमच्या गावच्या घराएवढं. त्यावर काळ्या रंगात रशियन अक्षरं आणि आकडे. उन्हापावसात ती उडायची, म्हणून ब्रशने गिरवायची. खोकं फोडलं की आतल्या लोखंडावरही तीच अक्षरं घालायची, म्हणजे कुठला भाग कुठे जोडायचा ते कळे. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. एक होतं इंग्रजी आर आरशात पाहावा तसं, एक कुंपणाच्या फाटकासारखं, एक चारी पाय पसरून बसलेल्या बेडकासारखं. जसं दिसे तसं काढायचो. दिवसभर एकच विचार. एक रेघ चुकली आणि एवढं मोठं लोखंड भलतीकडे गेलं, तर मला परत गावी पाठवतील.

बाबूजी त्या यार्डात क्लार्क होते. रायपूरच्या जुन्या मराठी घरातले, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी अशात वाढलेले. माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी मोठे. सगळे त्यांना बाबूजी म्हणत, म्हणून मीही. पहिल्याच आठवड्यात ते माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"हात का कापतोय रे तुझा? ताप आहे का?"

"नाही जी. भेव वाटून राहिलं."

"कशाचं?"

"हे अक्षर चुकलं तं?"

त्यांनी बेडकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "चुकलं तर मॉस्कोहून माणूस येईल आणि तुला विचारेल. त्याला यायला वेळ आहे. तोवर चल, चाय पिऊ."

एवढ्या मोठ्या पसाऱ्यात माझ्याशी कामावाचून बोललेला तो पहिला माणूस.

ते कथा लिहायचे. खोक्यांबरोबर याद्या येत, त्यांतल्या रद्दीत जाणाऱ्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर, उभ्या उभ्या, जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने. त्या पेन्सिलीचं टोक जिभेला लावून लिहायचं असतं. त्यामुळे त्यांच्या खालच्या ओठाच्या मधोमध कायम एक जांभळा ठिपका असे. साहेब रागावले की यार्डातले लोक म्हणत, "बाबूजीचा ओठ बघा, आज कामापेक्षा कहाणी जास्त झाली."

तिथल्या मराठी लोकांच्या आमच्या मंडळाचा दसऱ्याला हस्तलिखित अंक निघायचा. एकच प्रत. कापडी पिशवीत घालून ती घरोघर फिरायची, प्रत्येक घरी दोन दिवस. मागे काही पानं कोरी, त्यांवर वाचणाऱ्यांनी मत लिहायचं. अख्ख्या टाउनशिपमधल्या मराठी घरांना फिरून यायला संक्रांत व्हायची. अक्षर चांगलं म्हणून अंक उतरवायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्यांचं अक्षर मला लागतं म्हणून त्यांच्या कथाही.

पहिल्याच वर्षी घोटाळा झाला. त्यांचे कागद शर्टाच्या खिशात असत, आणि भिलाईचं ऊन तर ठाऊकच आहे. घामाने पेन्सिल पसरली. एका ट्रक ड्रायव्हरच्या गोष्टीतली अख्खी ओळ जांभळा डाग होऊन बसली. ते रायपूरला लग्नाला गेले होते. मंडळाचे सेक्रेटरी, ड्रॉइंग ऑफिसातले, वर्ध्याकडचे, माझ्या डोक्यावर उभे.

"अबे पेंटर, तुझ्यापायी अंक अडून राहिला. किती दिवस गिरवत बसशील?"

मी एक ओळ मनाने लिहून टाकली. लिहिली आणि मग चार दिवस जेवण गोड लागलं नाही. खोक्यावरचं अक्षर पुसट असतं तर मी दहा जणांना विचारत हिंडलो असतो. इथे कोणालाच विचारलं नाही. ते परत आले, त्यांनी अंक वाचला, काही बोलले नाहीत. मी म्हटलं, स्वतःचं लिहिलेलं ज्याला वाचता येत नाही, त्याला काय कळणार. सुटलो.

पुढच्या वर्षी दोन ओळी गेल्या होत्या. ते यार्डातच होते, हाक मारली असती तर आले असते. मी मारली नाही. आता भीतीबरोबर गोडीही लागली होती. ब्रश हातात असताना मी विचार करायचो, या जागी हा माणूस काय म्हणाला असता? त्यांच्या आवाजात एकेक वाक्य मनात बोलून पाहायचो. लिहिणं मी असं शिकलो, दुसऱ्याच्या घरात चोरपावलांनी शिरून.

त्याच सुमाराला तेच मला म्हणाले, "तू पण लिही की काही."

"मले काय येते जी? सातवी."

"ज्याने जगातली पहिली गोष्ट सांगितली त्याच्या वेळी शाळा होती का? लिही."

मी लिहिलं. गावच्या तलावावर एक, कॅम्पातल्या टिनाच्या बराकीवर एक. दोन्ही लेख अंकात आले, खाली माझं नाव. ते नाव म्हणजे सबंध अंकातलं सर्वांत वाईट अक्षर झालं.

कारखान्याची पहिली भट्टी पेटल्यानंतर काही दिवसांनी आम्ही सायकली धरून रस्त्याच्या कडेला उभे होतो. संध्याकाळची वेळ. खेड्यांतून माणसं बैलगाड्या करून आली होती. भट्टीतून वितळलेलं लोखंड सोडलं तसं आभाळाचा तेवढा भाग आतून लाल झाला. बायकांनी लेकरांना कडेवर घेतलं, आणि एका म्हाताऱ्याने पागोटं काढून हातात धरलं. त्या यंत्राचे तुकडे माझ्या ब्रशखालून गेले होते, आणि तरीही मला वाटलं, हे माणसांनी केलेलं नव्हे. बाजूला पाहिलं तर त्यांनी कागद काढला होता, पेन्सिल ओठाला लावली होती. बराच वेळ ती तशीच. मग कागद घडी करून ठेवून दिला.

"आज नाही," ते म्हणाले. "आज नुसतं बघू."

त्या वर्षी त्यांनी म्हातारीची गोष्ट लिहिली. कारखान्यासाठी तिचं गाव उठलेलं असतं. काही वर्षांनी ती येते आणि पायऱ्या, रूळ, पाइप यांच्यातून आपलं घर कुठे होतं ते शोधते. नेमकी ती जागा सापडते तिथली ओळ घामात गेलेली. मी लिहिलं: "चुलीची जागा तिला पायांनी कळली, तेवढीच माती अजून गरम होती." ही ओळ घरोघर गेली. मागच्या पानांवर लोकांनी ती पुन्हा उतरवून काढली. एका बाईंनी लिहिलं, मी दोन दिवस जेवले नाही. मी बाबूजींच्या डोळ्याला डोळा देईनासा झालो. ते मात्र नेहमीसारखे, "चल पेंटर, चाय."

ते गेले तो पुढच्या भाद्रपदातला एक साधा दिवस होता. आदल्या दिवशी त्यांनी माझ्या नव्या चपलांची थट्टा केली होती. सकाळी मी यार्डात रंग कालवत होतो. त्यांच्या सेक्टरमधला एक फिटर सायकलवरून उतरला, सायकल न लावता तशीच खाली टाकली, आणि म्हणाला, "बाबूजी गए."

दाढी करायला बसले होते. एका गालाला साबण. वहिनी गरम पाणी आणायला आत गेल्या, बाहेर आल्या, तेवढ्यात. डॉक्टर म्हणाले, हृदय. वहिनींनी पुढे मला सांगितलं की त्यांना काहीच ऐकू आलं नाही, वस्तरासुद्धा पडला नाही, हातातच होता.

शिवनाथ नदीच्या काठी त्यांना पोचवलं. परतताना लांबून धुरांडी दिसली. धूर सरळ वर जात होता. भट्टी एकदा पेटली की तिला थांबवत नाहीत, हे मला ठाऊक होतं. मला राग आला नाही. मी फक्त थक्क होऊन पाहत राहिलो, की एवढं सगळं चालू आहे आणि ते कसं आहे हे सांगणारा माणूस त्यात नाही.

शोकसभा शाळेच्या वर्गात झाली. मंडळाचे अध्यक्ष मोठ्या हुद्द्यावरचे, कॉलेजात शिकलेले. मी दाराशी सतरंजीच्या काठावर बसलो होतो. अध्यक्षांनी अंक उघडला, चष्मा लावला आणि वाचलं: "चुलीची जागा तिला पायांनी कळली, तेवढीच माती अजून गरम होती." थांबले. चष्मा काढून डोळे पुसले. "हे एकच वाक्य त्यांनी लिहिलं असतं," ते म्हणाले, "तरी ते लेखक म्हणून राहिले असते."

माझे कान तापले. गेलेल्या माणसाच्या तोंडात मी माझे शब्द घातले होते, आणि आता त्याला ते नाकारताही येणार नव्हते. उठावं, सांगावं, असं वाटलं. पण बसूनच राहिलो.

सभा सुटताना सेक्रेटरींनी मला बाजूला घेतलं. "वहिनीपाशी त्याची आखरी गोष्ट आहे म्हणते. खिशात सापडली. ते तूच उतरव. तुझ्याबिगर कोणाले लागते त्याचं अक्षर?"

मी अडकलो तो असा. वहिनींना खरं सांगितलं आणि त्यांनी म्हटलं, यांच्या कागदाला हात लावू नका, तर ते बरोबरच झालं असतं. पण मग ती गोष्ट जगात कोणालाच वाचता आली नसती. आणि न सांगता उतरवायला घेतली असती, तर मी माझ्याच हाताला भ्यायलो असतो.

तेरावा झाल्यावर गेलो. वहिनी दुर्गच्या. नऊ-दहा वर्षांची मुलगी कोपऱ्यात अभ्यास करत होती. वहिनींनी दोऱ्याने बांधलेले अकरा कागद माझ्यासमोर ठेवले.

"वहिनी, मले एक सांगाचं आहे."

"आधी चहा घ्या, भावजी."

"नाही. आधी आयका."

मी सांगितलं. ट्रक ड्रायव्हरपासून सगळं, खाली मान घालून. म्हातारीपर्यंत आलो तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे ती चूल तुमची?"

"हो जी."

त्या हसल्या. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणीतरी हसलं असावं, कारण मुलीने दचकून वर पाहिलं. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, त्यांना ठाऊक होतं."

मी मान वर केली.

"त्यांनी तिथे विहीर लिहिली होती. म्हातारीला आपली विहीर सापडते, असं. अंक घरी आला, वाचता वाचता एकदम ओरडले, अगं, पेंटरने माझी विहीर बुजवली आणि तिथे चूल पेटवली! मला वाटलं, चिडले. पण तीच ओळ त्यांनी मला चारदा वाचून दाखवली. म्हणाले, विहिरीपेक्षा हे अच्छं आहे, मला सुचायला पाहिजे होतं."

"मंग मले कावून नाही बोलले?"

"मी पण म्हटलं, सांगून टाका त्यांना. तर म्हणे, सांगितलं की तो घाबरेल आणि लिहिणं सोडून देईल. अजून थोडे दिवस चोरू दे त्याला." मग त्या म्हणाल्या, "आणि भावजी, मी त्यांना मेणकापडाची पिशवी शिवून दिली होती, कागद भिजू नयेत म्हणून. ती वापरलीच नाही. म्हणायचे, भिजू दे थोडे."

मी घरी कसा आलो ते आठवत नाही. आईबापांनी माझ्यासाठी पुष्कळ केलं. पण कोणी स्वतःच्या लिहिलेल्या ओळी माझ्यासाठी घामात सोडून दिल्या, हे मला कसं पेलावं कळेना. मी त्यांना तीन वर्षं फसवत होतो असं समजत होतो. तेवढी सगळी वर्षं ते मला शिकवत होते, आणि मास्तर असल्याचं तोंडावर दिसू देत नव्हते.

शेवटची गोष्ट कारखान्याच्या नंदिनी इथल्या चुनखडीच्या खाणीतल्या एका बाईची होती. ती दिवसामागून दिवस दगड फोडून मालगाडीच्या वाघिणी भरते आणि वाघिणी निघून जातात. एक दिवस ती ठरवते, आपला दगड कुठे जातो ते बघायचं. मालगाडीच्या मागच्या डब्यात गार्डाची मिनतवारी करून बसते. दहाव्या कागदावर ती कारखान्यात उतरते, रुळांच्या कडेने चालत चालत भट्टीखाली येते. तिथे लिहिलं होतं, "तिने वर पाहिलं आणि". पुढच्या चार ओळी सबंध जांभळ्या. अकराव्या कागदावर ती परतीच्या गाडीत बसलेली आहे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हातोडा उचलते.

तिने काय पाहिलं, ते गेलं होतं.

"त्यांनी तुमाले कधी सांगितलं का जी?" मी वहिनींना विचारलं. नव्हतं सांगितलं.

दोन रविवार मी बसलो. आग लिहिली, आभाळ लिहिलं, तिच्याच दगडाचं पाणी झालेलं लिहिलं. काही ओळी वाईट नव्हत्या. पण पूर्वी लिहिताना पलीकडे ते असायचे, ही ओळ पकडायला बसलेले. ते मला ठाऊक नव्हतं, तरी ते असायचेच. आता त्या ओळींना पकडणारं कोणी नव्हतं. त्या सरळ त्यांच्या होऊन गेल्या असत्या आणि कायमच्या तशाच राहिल्या असत्या. मी सगळे कागद फाडले. अंकात "तिने वर पाहिलं आणि" एवढं लिहिलं, खाली चार ओळींची जागा मोकळी सोडली, बारीक पट्ट्या आखल्या, आणि पुढे उतरवत गेलो.

सेक्रेटरी भडकले. "हे काय बे? शाई सरली का?"

"गेलेल्या ओळी आहेत जी."

"मंग भरून टाक ना! अंकात असा खड्डा ठेवतात का? कोणाले समजते?"

"मले समजते."

आणि मग त्यांनाही मी चुलीचं सांगितलं. त्यांनी अंक मिटला. "म्हणजे अध्यक्ष तुझ्या वाक्यावर रडले?"

"हो."

"त्याईले सांगू नको," ते म्हणाले. "त्याईची बदली होऊन राहिली. सुखानं जाऊ दे." मग पान पुन्हा उघडून त्या चार पट्ट्यांवरून त्यांनी हात फिरवला. "राहू दे. मोकळंच बरं आहे."

अंक फिरायला लागला. बसच्या थांब्यावर, बाजारात, लोक मला अडवून सांगायचे की तिने काय पाहिलं असेल. एक क्रेनवाला म्हणे, तिला कोणी माणूसच दिसला नसेल, एवढ्या उंचावर माणसं दिसत नाहीत. एका फोरमनच्या आई म्हणाल्या, ती रडली असेल बाई, आणि का ते तिला कळलं नसेल. मी सगळं ऐकून घ्यायचो.

अंक सर्वांत शेवटी वहिनींकडे गेला. दोन दिवस झाले, आठ झाले, परत येईना. सेक्रेटरींनी मला पाठवलं. दुपार होती. दार उघडं होतं. वहिनी जमिनीवर बसल्या होत्या, अंक मांडीवर, मुलगी त्यांना टेकून. मी चपला काढल्या आणि पायरीवरच थांबलो, कारण त्या मोठ्याने वाचत होत्या.

"तिने वर पाहिलं आणि," त्यांनी वाचलं.

मग त्या गप्प झाल्या. त्यांचं बोट पहिल्या मोकळ्या ओळीवर आलं आणि वाचायच्या वेगाने डावीकडून उजवीकडे सरकत गेलं. शेवटाला पोचलं, पुन्हा डावीकडे आलं, दुसऱ्या ओळीवरून गेलं. तिसऱ्या. मुलगी त्या बोटाकडे पाहत होती. तिने काही विचारलं नाही. बहुतेक त्यांचं हे पहिल्यांदाच चाललेलं नव्हतं. चौथी ओळ संपली. वहिनींनी श्वास घेतला आणि पुढचं वाचायला लागल्या, परतीच्या गाडीचं.

मी चपला हातात घेतल्या आणि अंक न मागता परत आलो.